गोल्ड रश, झुंबड आणि लोंढा

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी साडेसातला पेपरच्या डेस्कवरून फोन आला. मी बेळगावच्या शहापूरला दादाच्या सोन्याच्या दुकानात होते. वर्षातले दोन दिवस, अक्षय्य तृतीया आणि धनत्रयोदशी, मी तिथं पावत्या लिहायला बसते. आप्पा, म्हणजे वडील, होते तेव्हापासूनची ती रीत आहे. काउंटरपुढं पाय ठेवायला जागा नव्हती. एका कानाला फोन आणि दुसऱ्या कानात बोट घालून मी ऐकत होते.

डेस्कवरचा मुलगा नवा आहे, चिकोडीकडचा. म्हणाला, "ताई, इंग्रजीत हेडिंग 'गोल्ड रश' असं आलंय. आपण 'बेळगावात गोल्ड रश' असंच घेऊ? का 'सुवर्णझुंड' करू?"

मी म्हटलं, "झुंबड लिही. 'सराफ पेठेत झुंबड'. गोल्ड रश नको."

"का हो ताई? अर्थ तोच की."

अर्थ तोच नाही. पण पुढ्यात कडोलीच्या एक बाई पावतीसाठी खोळंबल्या होत्या, म्हणून "उद्या सांगते" म्हणत फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सांगायला गेले आणि दोन वाक्यांत अडकले. पंचवीस वर्षं मी इंग्रजी-कन्नडातून मराठीत भाषांतर करते आणि जन्म सोनाराच्या घरातला. हा एक शब्द तरी मला नीट सांगता यायला हवा होता. म्हणून आता सावकाश लिहितेय.

आधी त्या कडोलीच्या बाई. त्यांनी अर्ध्या ग्रॅमचं नाणं घेतलं. त्याआधी आजचा भाव विचारला, कालचा विचारला, घडणावळ किती ते विचारलं, हॉलमार्कचा शिक्का दादाच्या भिंगातून स्वतः बघितला, काट्यावरचा आकडा मोठ्यानं वाचून घेतला. मग रुमालाची गाठ सोडून पैसे मोजले. नाणं डबीत, डबी पिशवीत, पिशवी पोटाशी. वीस मिनिटांत त्या बाहेर पडल्या आणि कडोलीच्या बसला लागल्या. किती दिलं आणि काय मिळालं हे त्यांना पैन्‌पै ठाऊक होतं. अशा शंभर बाया एका दुकानात जमल्या की झुंबड उडते. गर्दी होते, घाम येतो, कुणाचा तरी पाय तुडवला जातो. पण रात्री दहाला शटर खाली ओढलं की सगळी आपापल्या घरी असतात.

गोल्ड रशमध्ये माणसं घर सोडतात, आणि सोडतात ती ऐकीव बातमीवर.

तारीख 24 जानेवारी 1848. कॅलिफोर्नियात कोलोमा नावाच्या जागी, अमेरिकन नदीच्या काठी, जेम्स मार्शल नावाचा सुतार जॉन सटर या जमीनदारासाठी लाकूड कापायची पाणगिरणी उभारत होता. गिरणीचं पाणी बाहेर पडायच्या चरात त्याला पिवळे कण दिसले. सटरला ती बातमी फुटायला नको होती, कारण त्याला शेती आणि गुरं वाढवायची होती. पण अशी बातमी पोटात राहत नाही. मे महिन्यात सॅम ब्रॅनन नावाचा दुकानदार सोन्याच्या कणांनी भरलेली बाटली हातात धरून सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांतून "सोनं! अमेरिकन नदीतलं सोनं!" असं ओरडत फिरला. ओरडायच्या आधी त्यानं कुदळ, फावडी, पराती, मिळेल ते सामान भरून ठेवलं होतं. वीस सेंटची परात त्यानं पुढं पंधरा डॉलरना विकली असं सांगतात. ब्रॅननचा एक पेपरही होता. माणसं सोनं शोधायला निघून गेल्यामुळं त्याच जूनमध्ये तो पेपर बंद पडला. डेस्कवर बसणाऱ्या माणसाच्या हे लगेच लक्षात येईल: बातमी ज्यांनी छापायची तेच बातमीमागं पळाले.

डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष पोक यांनी संसदेपुढच्या संदेशात सोन्याची बातमी खरी असल्याचं सांगितलं आणि 1849 साली जगभरातून माणसं सुटली. चिली, मेक्सिको, हवाई, चीन, युरोप. चार-सहा वर्षांत सुमारे तीन लाख माणसं कॅलिफोर्नियात आली. हजारेक वस्तीचं सॅन फ्रान्सिस्को दोन वर्षांत पंचवीस हजारांचं झालं. बंदरात आलेल्या जहाजांवरचे खलाशीही सोन्याकडं पळाले आणि रिकामी जहाजं चिखलात रुतून राहिली. त्यांतल्या काहींची लोकांनी गोदामं केली.

यातली एक गोष्ट वाचताना मी दर वेळी थांबते. मार्शलला सोनं दिसलं तेव्हा कॅलिफोर्निया कागदोपत्री अजून मेक्सिकोचा होता. नऊ दिवसांनी, 2 फेब्रुवारीला, तह झाला आणि तो अमेरिकेकडं गेला. तहावर सह्या करणाऱ्यांना सोन्याची खबरही नव्हती. तिथं आधीपासून राहणारी, स्पॅनिश बोलणारी माणसं जागची हललीही नव्हती. त्यांच्या पायाखालचं राज्य तेवढं बदललं. दोन वर्षांत परदेशी खाणवाल्यांवर महिना वीस डॉलरचा कर बसला आणि त्याचा मार मेक्सिकन, चिली आणि चिनी माणसांवर पडला. 1 नोव्हेंबर 1956 च्या, म्हणजे बेळगाव म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेलं त्या दिवसाच्या, गोष्टी ऐकत जी माणसं लहानाची मोठी झाली, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. आणि त्याही आधीपासून त्या नद्यांच्या काठी राहणाऱ्या आदिवासींचं तर विचारूच नका. 1848 च्या सुमारास दीड लाखाच्या आसपास असलेली ती माणसं 1870 पर्यंत तीसेक हजार उरली. रोग, उपासमार आणि सरळ कत्तली. 'गोल्ड रश' हा शब्द साबणाच्या जाहिरातीत वापरला जातो तेव्हा मला हा आकडा आठवतो.

मग 1851 ला ऑस्ट्रेलिया, 1886 ला जोहान्सबर्ग, 1896 ला कॅनडातलं क्लोंडाइक. क्लोंडाइकचा हिशेब बघा: निघाली सुमारे एक लाख माणसं, पोचली तीस-चाळीस हजार, आणि सोनं लागलं ते चारेक हजारांना. सोनं सापडलं 1896 च्या ऑगस्टमध्ये, त्याची पहिली जहाजं सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटलच्या धक्क्याला लागली 1897 च्या जुलैत. बातमी ऐकून निघालेले बहुतेक जण 1898 मध्ये बर्फातून तिथं पोचले, तेव्हा चांगल्या जागा केव्हाच धरल्या गेल्या होत्या. लागोपाठ सगळ्या रशमध्ये हेच दिसतं. बातमी माणसाच्या कानावर येते तोवर ती शिळी झालेली असते.

"पण आपल्या कोलारला झाली की गोल्ड रश," असं डेस्कवरच्या मुलानं दुसऱ्या दिवशी म्हटलं. त्याच्या पिढीच्या डोक्यात कोलार पक्कं बसलंय. कोलारचं सोनं खरं, पण ती रश नव्हती. रश होते ती बहुतेक उथळ सोन्यावर. नदीच्या वाळूत, वितभर खाली, एका माणसानं एका परातीनं काढावं असं सोनं लागतं तिला. कोलारचं सोनं गारगोटीच्या शिरांमध्ये, खडकाच्या पोटात. ते काढायला 1880 मध्ये लंडनची जॉन टेलर कंपनी लागली, 1902 ला शिवनसमुद्रहून वीज आणावी लागली आणि शेवटी खाण तीन किलोमीटरच्याही खाली गेली. तिथं तमिळ-तेलुगू मजूर पगारावर उतरत. 28 फेब्रुवारी 2001 ला ती बंद झाली. आपल्या राज्यात आज सोनं निघतं ते रायचूरकडच्या हट्टीला, तेही असंच खोल खाणीतून. (त्याच भागात मस्कीला 1915 मध्ये सोन्याच्या शोधात फिरणाऱ्या बीडन नावाच्या इंजिनिअरला खडकावर कोरलेला लेख सापडला. 'देवानांप्रिय' म्हणजे अशोकच, हे त्या लेखातल्या नावामुळं पक्कं झालं. इतकं मोलाचं त्याला सोन्यात काही सापडलं असतं असं मला वाटत नाही.)

उथळ सोनं कसं काढतात हे मी लहानपणी पाहिलंय, आणि तेही शहापुरात. आमच्या दुकानात वर्षातून एकदा झारेकरी यायचा. हा शब्द आता विझत चाललाय. सोनाराच्या दुकानातला केर विकत घेऊन, तो धुऊन त्यातलं सोनं काढणारा तो झारेकरी. आप्पांच्या बैठकीखालची धूळ, बागेसरीतली, म्हणजे सोनाराच्या शेगडीतली, राख, कानशीचा उडालेला कीस, फुटक्या मुशींचे तुकडे, इतकंच नव्हे तर पाय पुसायचं गोणपाटसुद्धा तो अदमासानं भाव करून न्यायचा. गोणपाट जाळून राख धुवायची. आप्पा वर्षभर आम्हाला दुकान झाडू देत, पण केर टाकू देत नसत.

एकदा त्यानं आमच्याच परड्यात विहिरीजवळ केर धुतला. लाकडी काठवट, त्यात ओंजळभर केर आणि पाणी. काठवट तो असा काही गोल झुलवायचा की वरचं हलकं पाणी मातीसकट काठावरून सांडत जायचं. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड, वाळू जेमतेम अडीच-पावणेतीन पट. त्यामुळं घाई केली नाही तर सोनं हलत नाही, तळाशी बसून राहतं. तासाभरानं काठवटीच्या तळाला काळ्या रेतीची एक रेघ उरली. त्यात त्यानं पारा घातला, अंगठ्यानं मळला, फडक्यातून पिळला. हातात राहिली ती चण्याएवढी पांढुरकी गोळी. ती तापवताना आप्पांनी आम्हा पोरांना लांब हाकललं होतं, पाऱ्याची वाफ वाईट म्हणून. पारा उडाला आणि पिवळं उरलं. पुढं कितीतरी वर्षांनी कॅलिफोर्नियाबद्दल वाचलं तेव्हा परात, काळी रेती, पारा, सगळं ओळखीचं निघालं. फरक एवढाच की झारेकऱ्याला केरात सोनं आहे हे माहीत असायचं, कारण वर्षभर त्याच जागी सोनं कानशीखाली गेलेलं असायचं.

आता मामाची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हा शब्द मला कसा कळला हे सांगता येणार नाही.

मामा खानापूर तालुक्यातला. भातशेती, दोन म्हशी, बरं चाललेलं. 2003-04 नंतर चीनमधून लोखंडाला मागणी आली आणि बळ्ळारी-होस्पेटकडच्या लाल मातीला भाव चढला. ट्रक होस्पेटहून निघायचे, धारवाड, अळणावर, रामनगर करत अनमोड घाट उतरून गोव्याच्या बंदराकडं जायचे. रस्त्याकडेची झाडं लाल, घरांची कौलं लाल, रस्त्याची चाळण. आणि प्रत्येक गावात एक तरी माणूस असा, ज्यानं एका टिपरचे दोन वर्षांत चार केले. तो माणूस खरा होता. ब्रॅननच्या बाटलीतलं सोनंही खरं होतं.

मामानं 2008 च्या सुरवातीला दहा चाकी टिपर काढला. कर्ज एका फायनान्सचं. पहिल्या भरण्यासाठी मामीच्या पाटल्या मोडायला तो आमच्या दुकानात आला. मी तिथं होते. आप्पांनी पाटल्या कसाला लावल्या, काट्यावर ठेवल्या. जोड चार तोळ्यांची. आप्पांनी एकदाच विचारलं, "गावात किती गाड्या झाल्या?" मामा म्हणाला, "अकरा. आपली बारावी." आप्पा पुढं काही बोलले नाहीत, पैसे मोजून दिले. त्या वर्षात असे कितीतरी जण आले. कुणाच्या गोठ, कुणाची बोरमाळ. सोन्याचे डाग आमच्या गल्ल्यावरून जात होते आणि लोखंडाच्या मातीसाठी गाड्या बनून रस्त्याला लागत होत्या. सोन्यामागच्या धावेत सोनं आधी घरातून बाहेर जातं हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

वर्ष संपायच्या आत जगात मंदी आली, भाव आपटले. पुन्हा थोडे उठले. जुलै 2010 मध्ये राज्य सरकारनं बंदरांतून खनिजाची निर्यात थांबवली. जुलै 2011 मध्ये लोकायुक्तांचा अहवाल आला आणि त्याच आठवड्यात सर्वोच्च न्यायालयानं बळ्ळारीतल्या खाणी बंद केल्या. 2012 ला गोव्यातल्याही. खाणींत जे चाललं होतं ते थांबायलाच हवं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. डोंगरच्या डोंगर चोरीला गेले होते. पण हप्ता थांबत नाही. मामाची गाडी फायनान्सवाल्यांनी एका सकाळी अंगणातून ओढून नेली. मामी सांगते, त्या दिवशी तिनं अंगण तीनदा सारवलं, तरी चाकांच्या खुणा जाईनात.

गेल्या वर्षी एका लेखाच्या भाषांतरात मला 'गोल्ड रश' लागला. 'सोन्याची धाव' लिहिलं तर शर्यतीसारखं वाटत होतं. 'झुंड' मला नको होतं, झुंडीत हाणामारीचा वास आहे. 'सुवर्णलाट' गुळगुळीत. मामा घरी आला होता, त्याला सहज विचारलं, "मामा, तुम्ही सगळे तेव्हा गाड्या घेऊन सुटला होता, त्याला काय म्हणायचं?"

मामानं विचारही केला नाही. "लोंढा म्हण की गे. दुसरं काय होतं ते? रामनगरातनं घराकडं वळलो की लोंढ्यावरनंच येत होतो रोज. पाटी वाचत होतो, अर्थ लागत नव्हता."

मी लिहीत होते ते थांबले. लोंढा जंक्शन आम्ही जन्मापासून ऐकतोय, तिकिटावर वाचतोय, आणि हा शब्द तिथंच उभा होता. माणसांचा लोंढा, पुराचा लोंढा. तो वरून येतो, पहिल्यांदा कुणाला खरा वाटत नाही, मग सगळं ओढत नेतो, आणि ओसरतो तेव्हा मागं गाळ असतो. कॅलिफोर्नियात तर हे अक्षरशः घडलं. वाळूतलं सोपं सोनं संपल्यावर तिथं मोठ्या नळांतून पाण्याचे झोत मारून टेकड्या फोडायला लागले. तो गाळ नद्यांतून खाली आला आणि शेतं बुडाली. शेतकरी कोर्टात गेले, 1884 मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. आणि नदीत सोनं येतं तेही मुळात पुरानंच. डोंगरातल्या शिरा झिजतात, लोंढा कण खाली आणतो, वळणावर वेग मंदावला की जड म्हणून ते तिथं बसतात.

तेव्हा त्या लेखात मी 'सोन्यामागचा लोंढा' असं लिहिलं, पहिल्यांदा येतं तिथं 'म्हणजे गोल्ड रश' एवढं जोडलं. इतिहासातल्या त्या घटनेचं नाव म्हणून 'गोल्ड रश' ठेवायला माझी हरकत नाही. बाकी ठिकाणी, जमिनीमागं, शेअरमागं, आणखी कशामागं माणसं ऐकीव बातमीवर घर मोडून सुटतात तिथं 'लोंढा' बसतो. आणि धनत्रयोदशीला झुंबडच. डेस्कवरच्या मुलाला हे एवढं सांगायचं होतं.

राहिल्या त्या पाटल्या. आप्पांनी 2008 मध्ये पैसे दिले, वहीत 'मोड' म्हणून लिहिलं, पण पाटल्या मुशीत घातल्याच नाहीत. लाल फडक्यात बांधून तिजोरीच्या मागच्या कप्प्यात ठेवल्या. घरात कुणाला माहीत नव्हतं. 2012 च्या दिवाळीनंतर मामा-मामी आली तेव्हा आप्पांनी ती पुरचुंडी काढून काउंटरवर ठेवली. मामीनं हात लावला नाही. मामा म्हणाला, "दाजी, आता परत घ्यायला काय आहे माझ्याकडं? वितळवा."

आप्पांनी बागेसरी पेटवली. पाटल्या कातरीनं चार ठिकाणी कापून मुशीत घातल्या, चिमूटभर टाकणखार टाकला. मामी पायरीवर उभी होती, ती आत आली आणि बघत राहिली. कडा आधी ओघळल्या, मग नक्षी गेली, मग सगळ्याचा एक थेंब झाला, थरथरता. भाव तोवर दुपटीच्या पुढं गेला होता. आप्पांनी त्या दिवसाचा भाव धरला, दिलेले पैसे वजा केले आणि उरलेली रक्कम मामाकडं न देता मामीपुढं सरकवली.

मामीनं नोटा दोनदा मोजल्या. मग आजचा भाव काय ते पुन्हा विचारलं, आणि म्हणाली, "ह्यातले एक ग्रॅमचे मणी द्या. घडणावळ किती पडते ते आधी सांगा."

ती पावती मीच लिहिली.